मक्याचा रविवार

त्या डिसेंबरात आमच्या घरात दोनच विषय होते. माझ्या भावाचं लग्न जमत नव्हतं, आणि त्याचा साप जेवत नव्हता.

मी स्नेहल, अमृतची थोरली बहीण. लग्न होऊन तळेगावला गेले तरी कुसगावच्या घराचा लगाम मी सोडलेला नाही, असं माझे यजमान म्हणतात. म्हणू देत. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात मी हाउसकीपिंग सांभाळते. अठ्ठावीस खोल्या आहेत. एखाद्या पलंगावरची चादर चुरगळलेली दिसली तरी मला चैन पडत नाही. मग सख्खा भाऊ एकतीस वर्षांचा होऊन बिनलग्नाचा फिरतोय हे बघून चैन कशी पडावी?

तेरा स्थळं येऊन गेली होती. कुणाला कंपनीतलाच मुलगा हवा होता, कुणाला पुण्यात फ्लॅट हवा होता. अमृत फ्रिज-एसी दुरुस्तीची कामं करतो, लोणावळ्याच्या निम्म्या बंगल्यांत त्याचं जाणं-येणं आहे. काम चोख, व्यसन नाही, दिसायलाही बरा. खोट एकच. त्याला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. रस्त्यात चौघांनी चार कामं सांगितली तर तो चारही ऐकून घेतो आणि मग पाचव्याच्या दारात जाऊन उभा राहतो. मुलीकडच्यांनी टोमणा मारला तरी हा 'बरं' म्हणतो. असा मुलगा बघून लोकांना वाटतं, याच्या अंगात दमच नाही.

सापही त्या 'बरं'मधूनच आला. गौरव म्हणून त्याचा पुण्यातला मित्र आहे, त्याला नोकरीसाठी बंगळूरला जायचं होतं. "जरा सांभाळशील का?" म्हणाला. हा म्हणाला, "बरं." संध्याकाळी काचेची पेटी, गरम राहणारी एक चटई, सरकारी नोंदणीचे कागद आणि शिसपेन्सिलीएवढं केशरी पिल्लू घेऊन घरी हजर. कॉर्न स्नेक. म्हणून नाव मक्या.

आपल्याकडचा साप घरात ठेवणं गुन्हा आहे, पण हा परदेशी, बिनविषारी, कागदोपत्री नोंदलेला, म्हणून चालतो, हे मी नानांना तीनदा समजावून सांगितलं. नाना म्हणजे आमचे वडील, महिपती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी परगावच्या जावयावाणी. त्याला समदं चालतं." माझे यजमान शेजारीच बसले होते.

आई आधी चार हात लांब राहिली. आठ दिवसांत ती मक्याला 'लेकरू' म्हणायला लागली. तिची तक्रार एकच होती.

"आठवड्यातनं येकदाच जेवायचं? आरं, कैद्याला बी दोन टायमाला देत्यात."

अमृतनं फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला होता. तारीख, काय दिलं, खाल्लं का, वजन. दर सात दिवसांनी उंदराचं एक नुकतं जन्मलेलं पिल्लू, गोठवलेलं. त्या धंद्यातले लोक त्याला पिंकी म्हणतात. ते आधी कोमट पाण्यात सोडून ऊबदार करायचं, चिमट्यानं द्यायचं, आणि खाल्ल्यावर दोन दिवस मक्याला हात लावायचा नाही. जास्त दिलं किंवा लगेच हाताळलं तर तो सगळं उलटून टाकतो. पिंक्यांसाठी अमृतनं मागच्या खोलीत, मक्याच्या पेटीशेजारी, एक जुना फ्रिज दुरुस्त करून ठेवला होता, कारण आईनं बजावलं होतं की ते प्रकरण तिच्या कोथिंबिरीशेजारी दिसलं तर ती दोघांना घराबाहेर काढील.

पहिला महिना मक्या फार गुणी होता. सहावा दिवस उलटला की संध्याकाळी लपायच्या डबीतून बाहेर यायचा, जीभ लवलवत काचेला लागून चकरा मारायचा. बाहेर बोट हललं की डोकं तिकडे वळायचं. आई म्हणायची, "बघा, लेकराला भूक लागली." अमृत म्हणायचा, "चकरा मारतोय म्हणजे भूकच असेल असं नाही आई, कधी जागा आवडली नसेल, कधी गरम होत असेल. तारीख बघायची." आई तोंड फिरवायची. तिच्या मते, भुकेला तारीख नसते.

सातव्या दिवशी अंधार पडला की अमृत दिवा बारीक करून पिंकी द्यायचा. मक्या झडप घालायचा, गिळायचा आणि पोटात सुपारीएवढा फुगवटा घेऊन डबीत शिरायचा. अमृत तक्त्यावर बरोबरची खूण करायचा. इतकं साधं होतं.

मग शेजारच्या केरबाआबांना कळलं.

केरबाआबा म्हणजे आमच्या आळीचे सत्तरीतले पुढारी. लग्नं जुळवणं आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणं, ही त्यांची दोन कामं. ते आले आणि म्हणाले, "अमृत, तुजा साप जेवतो म्हनं. आमाला बी बगू दे की. पर रातच्याला मला दिसत न्हाई बाबा. रविवारी अकराला ठिव."

आणि माझा भाऊ म्हणाला, "बरं."

पहिल्या रविवारी आबा एकटे आले. दुसऱ्या रविवारी आबांची सून, तिची दोन पोरं आणि शेजारची काकू. तिसऱ्या रविवारी लोकांनी आपापल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. आई चहा करायची. कार्यक्रमच झाला तो. बारा माणसं पेटीभोवती वाकलेली, मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावरून बघतायत, आणि मध्ये चिमट्यात पिंकी धरून अमृत.

मक्यानं पिंकीकडे बघितलं, बारा माणसांकडे बघितलं आणि डबीत शिरला.

आबांच्या पहिल्या रविवारापासून लागोपाठ चार रविवार असेच गेले. तक्त्यावर चार फुल्या झाल्या. अठरा ग्रॅमचा मक्या पंधरावर आला. मोठा साप महिना-महिना उपाशी राहिला तरी निभतं, पण एवढ्याशा पिल्लाच्या अंगात साठवण ती किती असणार? अमृत अर्धी रात्र मोबाइलवर वाचत बसायचा. ऊब मोजून झाली, कात टाकायची वेळ आहे का ते बघून झालं, डोळे निळसर दिसतात का तेही बघून झालं. सगळं ठीक होतं. फक्त जेवत नव्हता.

सल्ले द्यायला सारी आळी तयार होती. आबा म्हणाले, नजर लागली, मीठ-मोहऱ्या उतरून टाका. शेजारच्या काकूंनी दूध आणलं. साप दूध पीत नाही हे अमृतनं त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "आमच्या घरचं पेईल, म्हशीचं हाय." मी स्वतः दर रविवारी तळेगावहून येऊन पेटीला नाक लावायचे आणि म्हणायचे, "खा रे बाबा, खा ना, असं काय करतोस?" मला वाटायचं, मी मदत करतेय.

अशात तळेगावजवळच्या इंदुरीचं स्थळ आलं. आणलं केरबाआबांनीच, तेवढं श्रेय त्यांना देते. मुलगी तेजल, वय अठ्ठावीस, तळेगावच्या एका लॅबमध्ये रोज चाळीस-पन्नास लोकांचं रक्त काढते. फोटोवरून अमृतला आवडली. आवडली म्हणजे त्यानं फोटो दोनदा बघितला आणि 'बरं' म्हणाला नाही, 'चांगली आहे' म्हणाला. माझ्या भावाच्या तोंडचं हे एवढं वाक्य म्हणजे दुसऱ्या कुणाचं पानभर पत्र.

तिची अट एकच होती. पोह्यांचा कार्यक्रम नंतर. आधी जिथे राहायचं ते घर ती स्वतः येऊन बघणार. आबांना हे रुचलं नव्हतं, पण मला ती पोरगी तेवढ्यानंच आवडली. मीही खोली बघितल्याशिवाय चावी घेत नाही.

आता एक गुन्हा कबूल करते. अमृतच्या बायोडेटामध्ये 'छंद' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: 'साप पाळणे.' मी ते खोडून 'वाचन' टाकलं. तेरा नकारांपैकी दोन सापामुळे आले होते. चौदावा मला नको होता. चाळीस वाड्या-वस्त्यांत नाव झालं असतं, सापवाल्याला मुलगी कुणी देत नाही म्हणून. आई देवघरासमोर बसून रडायची ते मी बघितलं होतं. अमृतला तर मी मागच्या दिवाळीत विचारलं होतं, एकटा राहिलास तर चालेल का? तो म्हणाला होता, "चालेल की." आणि फ्रिज उघडून उगीच आत बघत उभा राहिला होता. ते मला सहन झालं नाही.

तर ते लोक येणार होते रविवारी, साडेअकराला.

"रविवार मक्याचा आहे," अमृत म्हणाला.

"मक्या सोमवारी जेवेल."

"ताई, चार वेळा झालंय. आणखी लांबवायचं नाही."

मी आवाज चढवला. तो गप्प बसला. गप्प बसला म्हणजे ऐकलं, असं मी धरून चालले. आजवर तसंच होत आलं होतं.

मी शनिवारीच मुक्कामाला आले होते. दुपारी हमीदभाई अंडी घेऊन आले. कुसगावात सायकलवर अंडी विकण्यापासून स्वतःच्या छोट्या टेम्पोपर्यंत पोचलेले हमीदभाई, घरामागे दीडशे गावरान कोंबड्या. ते स्वयंपाकघराच्या दारात टेकले, फ्रिजवरच्या तक्त्यातल्या फुल्या बघितल्या आणि विचारलं, "कोन कोन असतं हो त्याच्या जेवनाला?"

आईनं मोठ्या अभिमानानं बारा जणांची नावं सांगितली.

हमीदभाई हसायला लागले. "मावशी, अंड्यावरची कोंबडी कुटं जाती? अंधारा कोपरा बघती. पाटीखाली, पोत्यामागं. तिच्याकडं टक लावून बसलात तर ती अंडं दील का? उठून जाती. हे तर येवढंसं पिल्लू. त्याला काय ठावं की तुमी कौतुकानं बघताय? त्याला वाटतंय, बारा जनं आपल्याला खायाला बसल्यात."

अमृत टेस्टर हातात धरून तसाच उभा राहिला. मग एकदम मागच्या खोलीत गेला.

रविवारी सकाळी दहाला मी त्याला त्या खोलीतून बाहेर येताना पकडलं. त्यानं मक्याला एका लहान डब्यात घातलं होतं, झाकणाला भोकं, आत ऊबदार पिंकी, वरून जाड टॉवेल. खिडकीला पुठ्ठा लावलेला.

"संध्याकाळपर्यंत कुणी आत जायचं नाही," तो म्हणाला.

मला तेच हवं होतं. मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. त्याचा साप वाचत होता, माझं स्थळ वाचत होतं.

बरोब्बर साडेअकराला गाडी आली. उतरले तिघं: तेजलचे मामा, तिच्या आत्या सरूबाई, आणि तेजल. वडिलांची कंपनीत ड्युटी होती. मामा दाढी खाजवत अंगणाची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजत होते. सरूबाई चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरल्या. घर बघायचं म्हणजे डबे उघडून बघायचे, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. तांदळाचा डबा, डाळीचा डबा, फ्रिजही झाला. बरं झालं, तक्ता मी रात्रीच काढून गादीखाली घातला होता.

मग त्या मागच्या खोलीशी थांबल्या. "ही का बंद?"

"अमृतचं सामान असतं, आत्या. फार पसारा आहे."

"बाय, पसाराच बगायचा आसतो. आवरल्यालं काय, कुनी बी दावतं."

मी पर्स काखेत घट्ट धरली. तेवढ्यात आईनं हाक मारली, पोहे झाले. सरूबाई पोह्यांसाठी वळल्या. आईचे पोहे तसे आहेतच.

आता बैठकीची खोली डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मामा आणि सरूबाई. समोर नाना, आई आणि केरबाआबा. दारात आबांची सून, तिच्या मागे पोरं, खिडकीत शेजारच्या काकू. दर रविवारी अकराला आमच्याकडे यायची सवय लागलेली ती सगळी माणसं त्या दिवशीही आली होती, फक्त बघायचं दुसरंच होतं. मधोमध खुर्चीत तेजल, मांडीवर पोह्यांची ताटली. आणि तिच्या उजव्या हाताला मी.

"घ्या ना, लाजू नका," मी म्हटलं.

तिनं चमचा उचलला. सगळ्यांनी चमच्याकडे बघितलं. तिनं चमचा खाली ठेवला.

"लिंबू देऊ का? खोबरं कमी पडलं का? घ्या ना."

"घरी चांगली खाती," मामा म्हणाले. "आज काय झालंय कुनास ठावं."

"बारीक हाय पोरगी," आबांनी तिच्यादेखत मत दिलं.

मध्येच सगळे एकदम गप्प झाले आणि त्या शांततेत तेजलच्या पोटातून गुरगुर ऐकू आली. चांगली लांबलचक. तिचे कान लाल झाले. इंदुरीहून साडेदहाला निघालेली, बहुधा निघायच्या घाईत चहावरच आलेली पोर. पोटात कावळे ओरडत होते आणि समोर गरम पोहे, पण तिचा हात उठत नव्हता. सगळ्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आईचा चेहरा उतरला. पाहुण्यांनी पानात टाकलं म्हणजे आमच्याकडे अर्धा नकार असतो.

विषय बदलावा म्हणून असेल, तेजलनं मान वर केली आणि सरळ अमृतला विचारलं, "बायोडेटात वाचनाची आवड लिहिली आहे. काय वाचता तुम्ही?"

अमृतनं माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. एवढे वटारले की खिडकीतल्या काकू मागे सरकल्या.

"मी वाचत नाही," अमृत म्हणाला. "ते ताईनं लिहिलंय. माझ्याकडे साप आहे. मी साप सांभाळतो."

सरूबाईंनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. मामा अर्धे उठले. "साप? हितं? घरात?"

केरबाआबा मदतीला धावले. "लय ग्वाड हाय वो. आमी समदी दर रविवारी बगाया येतो."

एवढं ऐकल्यावर मामा पूर्ण उठले. मी डोळे मिटून घेतले. चौदा.

"काय खातो तो?" हा तेजलचा आवाज. मी डोळे उघडले.

"सध्या काहीच नाही," अमृत म्हणाला, आणि मग माझा भाऊ बोलायला लागला. आयुष्यात कधी बोलला नव्हता इतकं. "चार आठवडे झाले. आधी नीट खायचा. मला वाटलं आजारी आहे. सगळं तपासलं. काल कळलं, आजारी नाही. मी त्याचं जेवण रात्रीचं काढून दिवसा ठेवलं, लोकांना बघता यावं म्हणून. एवढं लहान पिल्लू असतं ना, त्याला उघड्यावर, सगळे टक लावून असताना गिळता येत नाही. भूक असते. भूक भरपूर असते. पण भीती भुकेच्या वर बसते. आपण आणखी जवळ जातो, आणखी आग्रह करतो, तो आणखी आक्रसतो. चूक त्याची नाहीच. माझी आहे. मला लोकांना नाही म्हणायला हवं होतं, आणि मी..."

तो थांबला. त्याची नजर तेजलच्या मांडीवरच्या ताटलीवर गेली. पोहे गार झाले होते, वरची कोथिंबीर मलूल पडली होती. मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. दारात, खिडकीत, सोफ्यावर. शेवटी माझ्यावर.

"चला," तो म्हणाला.

"कुटं?" नानांनी विचारलं.

"बाहेर. अंगणात. सगळेच. आबा, उठा. मामा, तुम्ही पण चला. आत्या, साप कुलपात आहे, पाय खाली सोडा आणि या."

"आरं पर कशापायी?"

"यांना जेवू द्या."

कुणी हललं नाही. मी हसून सावरायला गेले. "अमृत, अरे पाहुण्यांना असं कुणी..."

"ताई, तू पण."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. पण त्यात 'बरं' कुठेच नव्हतं. मी एकतीस वर्षं या मुलाला ओळखते, आणि मी मुकाट्यानं उठले. माझ्या मागोमाग सगळे उठले. अमृतनं गार पोह्यांची ताटली उचलली, आईकडून गरम भरून आणली, तेजलसमोर तिपाईवर ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला, बाहेरच्या काकूंना "काकू, तुम्हीही" म्हणत खिडकीचा पडदा ओढला आणि दार लोटून घेतलं.

अंगणात डिसेंबरचं ऊन होतं तरी वातावरण गारठलेलं. मामांचा चहा आत राहिला होता, सरूबाईंच्या चपला दुसऱ्याच कुणी घातल्या होत्या. "आमाला घरातनं भाईर काडलं," त्या अंगणातल्या जांभळाच्या झाडाला सांगत होत्या, कारण माणसांपैकी कुणी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हतं. अमृत दाराच्या पायरीवर बसला, रखवालदारासारखा नाही, लाईट गेल्यावर येईपर्यंत बसतो तसा.

मामा माझ्याजवळ आले. "बरं हाय मग. घर बगून झालं. कळवतो आमी."

ते 'कळवतो' मी तेरा वेळा ऐकलं आहे. त्याचा अर्थ कुठल्याही शब्दकोशात नाही, पण मावळातल्या प्रत्येक आईला पाठ आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भावाचा रागही आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली. सापासाठी शिकलेलं शहाणपण वापरायला यानं नेमका आजचा दिवस निवडावा? निदान ती खातेय का ते तरी बघावं, म्हणून मी भिंतीला धरून खिडकीकडे सरकले. पडद्याला बोटभर फट होती.

"ताई," पायरीवरून आवाज आला. मागे वळूनही न बघता.

मी परत आले.

इथे मक्याचं सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. त्यानं त्या दिवशीही खाल्लं नाही. संध्याकाळी डबा उघडला तर पिंकी तशीच होती आणि मक्या टॉवेलखाली वेटोळं घालून माझ्या भावाकडे बघत होता. चार आठवड्यांची भीती एका दिवसात जात नाही. त्यानं खाल्लं ते पुढच्या बुधवारी, आम्ही सगळे घराला कुलूप लावून गेलो होतो तेव्हा. कुठे गेलो होतो ते आता येईलच.

दहा मिनिटं गेली. पंधरा. मामा गाडीच्या किल्लीशी खेळत होते. आत चमच्याचा ताटलीवर आवाज झाला का, एवढं ऐकायला आई कान देऊन उभी होती. काहीच येत नव्हतं.

मग आतून हाक आली. "ताई, पोहे आणखी आहेत का?"

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या बोटांमधून रडू आलं की हसू, मला कळलं नाही. मी मागच्या दारानं आत गेले, कढईतले पोहे ताटलीत वाढले, वर शेंगदाणे जरा जास्त घातले आणि तिच्यासमोर नेले. पहिली ताटली चाटूनपुसून रिकामी होती. ती पाय वर घेऊन, मांडी घालून खुर्चीत बसली होती, ओढणी बाजूला टाकलेली, ओठाला हळद लागलेली.

"मामा 'कळवतो' म्हणाले असतील," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मला सात जण बघून गेले. सातही वेळा पोहे मी केले, मीच नेऊन दिले, आणि सगळे गेल्यावर आई म्हणायची, तू काही खाल्लंस का गं? म्हणजे विचारणारी आईच तेवढी." तिनं ताटली माझ्या हातातून घेतली. "तुमच्या भावानं माझं स्वयंपाकपाणी विचारलं नाही. मी उपाशी आहे एवढंच बघितलं. मामांना सांगा, बुधवारी तुम्हाला इंदुरीला बोलावलंय, याद्या करायला. माझं ठरलं."

मला तिला मिठी मारायची होती. शंभर गोष्टी विचारायच्या होत्या: साप चालेल ना, आई-नानांबरोबर राहशील ना, नोकरी इथून करशील ना. जिभेच्या टोकावर सवयीचं 'लाजू नका, अजून घ्या' तर आलंच होतं. तिनं चमचा भरला, तोंडाशी नेला आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी तांब्या भरून ठेवला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

मामा पुढे झाले. "काय म्हनती पोरगी?"

"जेवतेय," मी म्हटलं. "थांबा जरा."